प्रेमाची आज्ञा आणि तिचे भाष्यकार

शेक्सपिअरचे 'मर्चंट ऑफ व्हेनिस' वर्गात शिकवले जाते तेव्हा चौथ्या अंकातील न्यायालयाच्या प्रवेशापाशी एक समीकरण जवळजवळ आपोआप मांडले जाते. शायलॉक म्हणजे कायदा, पोर्शिया म्हणजे दया. शायलॉक म्हणजे जुना करार, पोर्शिया म्हणजे नवा. समीकरण सुटसुटीत आहे, परीक्षेला उपयोगी आहे, आणि नाटकाच्या रचनेत त्याला काही आधारही आहे. नाटकाबाहेर, धर्माच्या इतिहासात, ते टिकत नाही. ख्रिस्ती नीतीचा गाभा म्हणून जी दुहेरी आज्ञा सांगितली जाते, म्हणजे देवावर सर्वस्वाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे, तिची दोन्ही अंगे जुन्या करारातील आहेत. पहिले 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले, दुसरे 'लेवीय' या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातले. येशूने ती एकत्र आणली आणि त्यांना अग्रस्थान दिले; ती रचली नाहीत.

एवढी दुरुस्ती अभ्यासकांना आता नवी नाही. ई. पी. सँडर्स यांचा पौल आणि पॅलेस्टाइनमधील यहुदी धर्म यांवरचा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून 'रुक्ष कायदा विरुद्ध कोमल प्रेम' ही मांडणी गंभीर लेखनात बरीच मागे पडली आहे. मला येथे त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे. प्रेम हे नियमशास्त्राचे हृदय आहे असे एकदा म्हटले, की उरलेल्या नियमशास्त्राचे काय होते? ते विरघळून जाते, की नव्या प्रकाशात वाचले जाते? हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे तितकाच वाचनाचा आहे; एका मोठ्या आणि विसंगत संहितेतील एक वाक्य तिच्या उरलेल्या सगळ्या वाक्यांवर राज्य करू लागले तर ते कसे करते, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला परका वाटू नये.

आधी ते वाक्य जेथे आहे ती जागा पाहू. लेवीय ग्रंथाचे सतरा ते सव्वीस हे अध्याय अभ्यासक 'पावित्र्यसंहिता' म्हणून ओळखतात. ऑगस्ट क्लोस्टरमान या जर्मन विद्वानाने १८७७ साली हे नाव दिले. त्यातील एकोणिसावा अध्याय वाचताना आधुनिक वाचक गोंधळतो, कारण त्यात काय नाही असे नाही. सुगीच्या वेळी शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, सरवा वेचू नये, द्राक्षमळ्यात गळून पडलेली फळे उचलू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. न्याय करताना मोठ्याचे तोंड पाहू नये, आणि गंमत म्हणजे, गरिबाचीही तरफदारी करू नये. भावाविषयी मनात द्वेष साठवू नये. त्याला बोल लावायचा तर उघड लावावा. सूड घेऊ नये, आकस धरू नये. आणि येथे, या साखळीच्या टोकाला, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा येते.

म्हणजे ही आज्ञा प्रेमळ वातावरणात दिलेली नाही. तिच्या अगोदरची वाक्ये द्वेष, बोल, सूड आणि आकस यांविषयी आहेत. समोरचा शेजारी आवडता शेजारी नसून ज्याच्याशी आपले बिनसले आहे तो शेजारी आहे. शिवाय आज्ञा संपली की ग्रंथ जणू काही झालेच नाही अशा थाटात पुढच्या विषयाकडे वळतो: दोन जातींच्या जनावरांचा संकर करू नये, एका शेतात दोन प्रकारचे बी पेरू नये, दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र वापरू नये. पुढे अध्यायाच्या अखेरीस परक्याविषयी तीच आज्ञा पुन्हा येते. देशात राहणाऱ्या परक्यावरही स्वतःसारखे प्रेम करावे, कारण मिसर देशात तुम्ही परके होता. लगेच त्यानंतर तराजू, वजने आणि मापे खरी ठेवण्याविषयीचे नियम! उपदेशाच्या पुस्तकांत ही आज्ञा एकटी, चौकटीत छापलेली असते. मूळ ग्रंथात ती सरवा आणि तराजू यांच्यामध्ये उभी आहे. हा शेजार माझ्या मते अपघाती नाही. प्रेम म्हणजे काय याचे उत्तर व्याख्येने न देता तो अध्याय कापणी, मजुरी, साक्ष आणि माप यांच्या तपशिलाने देतो.

हिब्रू व्याकरणही या बाजूला झुकते. येथील 'प्रेम करणे' या क्रियापदाला नेहमीचे कर्मदर्शक अव्यय न लावता चतुर्थीसारखे अव्यय लावले आहे. हा प्रयोग विरळा आहे, आणि परक्याविषयीच्या आज्ञेतही तोच आहे. अब्राहाम मलामात यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावरून असे सुचवले की येथे भावनेपेक्षा कृतीवर भर आहे: शेजाऱ्याच्या उपयोगी पडावे, त्याच्या कामी यावे. एका अव्ययावर एवढा डोलारा उभारावा की नाही याबद्दल मतभेद होतील. पण संदर्भ त्या अर्थाला साथ देतो, हे नाकारता येणार नाही.

आता दुसरे अंग. प्रेमाची आज्ञा देता येते काय, हा आक्षेप जुना आहे. कांटने १७८५ साली त्याचा निकाल लावताना ओढ म्हणून असलेले प्रेम आणि कर्तव्य म्हणून केलेले प्रेम असे दोन भाग केले, आणि आज्ञा फक्त दुसऱ्याची होऊ शकते असे सांगितले. फ्रॉइडने १९३० साली शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञाच असमंजस ठरवली. दोघांचाही गृहीत आरंभबिंदू असा, की प्रेम ही मुळात अंतरंगातील भावना आहे. प्राचीन पश्चिम आशियात मात्र 'प्रेम' हा राजनीतीचा शब्दही होता. १९५५ साली इराकमधील निमरुद येथील उत्खननात असिरियाचा राजा एसरहद्दोन याने इ. स. पू. ६७२ मध्ये आपल्या मांडलिकांकडून करवून घेतलेल्या करारांच्या मृत्तिकापट्टिका सापडल्या. युवराज अशुरबनिपाल याच्यावर स्वतःच्या जिवाप्रमाणे प्रेम करावे, असे त्यात मांडलिकांना बजावले आहे. विल्यम मोरान यांनी १९६३ साली एका शोधनिबंधात दाखवले की 'अनुवाद' ग्रंथातील देवावरच्या प्रेमाची भाषा या करारांच्या भाषेशी जवळून जुळते. तेथे प्रेम म्हणजे निष्ठा, आज्ञापालन, दुसऱ्या धन्याकडे न वळणे. सोरचा राजा हिराम दाविदावर प्रेम करीत असे, असे जेव्हा राजांच्या ग्रंथात म्हटले जाते तेव्हा तेथेही दोन दरबारांच्या सलोख्याचाच निर्देश आहे.

मराठी वाचकाला हे समजायला खरे तर कठीण जाऊ नये. आपल्या भाषांतरकारांनी बायबलच्या दोन खंडांना 'जुना करार' आणि 'नवा करार' अशी नावे दिली. वापरून वापरून आपल्या कानांना त्या नावांतला कोर्टकचेरीचा स्वर ऐकू येईनासा झाला आहे. पण देव आणि प्रजा यांच्यामध्ये शपथेने झालेला लेखी व्यवहार, हा मूळ अर्थ त्या शब्दात शाबूत आहे. करारातील प्रेम भावनाशून्य असते असे नव्हे. त्याला अटी असतात, साक्षीदार असतात, आणि ते पाळले की मोडले हे बाहेरून तपासता येते.

या प्रचंड संहितेचे सार एका वाक्यात सांगता येईल काय, हा यहुदी आचार्यांचा आवडता प्रश्न होता. बाबिलोनी तालमुदातील कथा प्रसिद्ध आहे. एक परधर्मीय शम्माय या आचार्याकडे जाऊन म्हणतो की मी एका पायावर उभा आहे तोवर मला सगळी तोरा शिकवा. शम्माय त्याला हातातील मोजपट्टीने हाकलून लावतो. तोच माणूस हिल्लेलकडे जातो. हिल्लेल सांगतो की जे तुला स्वतःला नकोसे वाटते ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नकोस. सगळी तोरा एवढीच, बाकीचे त्यावरचे भाष्य. व्याख्यानांत कथा येथे संपते. मूळ कथेत हिल्लेल आणखी एक गोष्ट सांगतो: आता जा आणि शीक. भाष्य ऐच्छिक नाही. सार सांगून झाल्यावर अभ्यास संपत नाही, तो सुरू होतो. कथा हिल्लेलच्या काळानंतर काही शतकांनी लिहिली गेली, तेव्हा तिला चरित्रात्मक पुरावा म्हणता येणार नाही. परंतु परंपरेला सारांशाविषयी काय वाटत होते याचा ती उत्तम पुरावा आहे.

दुसऱ्या शतकातील आचार्य अकीवा याने लेवीयातील आज्ञेलाच तोरेतील थोर तत्त्व म्हटले. त्याच्या समकालीन बेन अझ्झायने त्यावर हरकत घेतली. त्याला आदामाच्या वंशावळीचे, मानव देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडवला गेल्याचे वाक्य अधिक थोर वाटले. या हरकतीत मोठा अर्थ आहे. 'स्वतःसारखे' हे माप धरले, तर ज्याने स्वतःलाच तुच्छ मानले तो शेजाऱ्याला काय देणार? बेन अझ्झाय माप माणसाच्या आत्मप्रेमातून काढून घेतो आणि सर्वांच्या एका मूळात ठेवतो. प्रेमाच्या आज्ञेला पुढे ज्या अडचणी आल्या त्यांतील एक या जुन्या वादातच नोंदली गेली आहे.

येशूचा संवाद या चर्चेच्या आतला आहे, बाहेरचा नाही. मार्कच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येऊन पहिली आज्ञा कोणती असे विचारतो, उत्तर ऐकून मान डोलावतो, होमबलीपेक्षा हे मोठे असे स्वतःच्या तोंडाने म्हणतो, आणि तो देवाच्या राज्यापासून दूर नाही अशी पावती मिळवून जातो. परूशी आणि शास्त्री यांना सरसकट खलनायक करणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. मत्तयात तोच प्रश्न परीक्षा पाहण्यासाठी विचारलेला आहे. तेथे उत्तराच्या अखेरीस सर्व नियमशास्त्र आणि संदेष्टे या दोन आज्ञांवर लटकून आहेत, अशी प्रतिमा येते. ग्रीक क्रियापद खरोखरच टांगण्याचे आहे. ज्या खुंटीवर सगळे टांगले आहे ती खुंटी महत्त्वाची हे खरे, पण खुंटी लावल्याने टांगलेले कपडे नाहीसे होत नाहीत.

लूककडे मात्र वेगळेच घडते. तेथे दुहेरी आज्ञा येशू सांगत नाही, प्रश्न विचारणारा शास्त्रीच सांगतो, आणि अचूक सांगतो. सारांशाविषयी वादच नाही. वाद पुढे उभा राहतो: माझा शेजारी कोण? हा कायदेपंडिताचा रास्त प्रश्न आहे, कारण शब्दाची व्याप्ती ठरल्याशिवाय कायदा लागू कसा करायचा? उत्तरादाखल यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची गोष्ट येते. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, शोमरोनी थांबतो. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर जगजाहीर होते, पण मोशेचे पाच ग्रंथ शोमरोन्यांनाही मान्य होते. लेवीयाचा एकोणिसावा अध्याय या परक्याच्याही धर्मग्रंथात होताच. आणि गोष्टीतील तपशील पाहा: जखमांवर तेल आणि द्राक्षारस, स्वतःचे जनावर, उतारशाळा, दोन दिनार, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे वचन. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. लूक या माणसाचा कळवळा एका शब्दात सांगतो आणि त्याचा खर्च तपशिलाने. सरवा आणि तराजूची परंपरा येथे चालू आहे.

अखेरीस येशू प्रश्न फिरवतो. शेजारी कोणाला म्हणावे हे राहिले बाजूला; तिघांपैकी शेजारी कोण झाला? व्याख्येचा शब्द कृतीचा शब्द होतो. मराठी बायबलमध्ये रूढ झालेल्या 'शेजारी' या शब्दामुळे ही कलाटणी आपल्याकडे विशेष बोचावी. हिब्रू शब्दाचा अर्थ सोबती, सहचर असा सैल आहे, ग्रीक शब्दाचा 'जवळचा'. मराठीत शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागलेला. आणि आपल्या गावांतील भिंती कशा लागत आल्या हे सांगायला नको. आळ्या जातीने पडल्या, वस्ती वेशीबाहेर गेली. शेजार हा शब्द आपल्याकडे मुळातच गाळून घेतलेला आहे. भाषांतरकाराने शब्द चुकीचा निवडला असे मी म्हणणार नाही. त्याने तो शब्द वापरला म्हणूनच गोष्टीतील प्रश्न मराठीत मुळापेक्षाही तिखट झाला.

पौलाने गलतीकरांस आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत लेवीयातील आज्ञेत सगळे नियमशास्त्र सामावते असे म्हटले, आणि प्रीतीला नियमशास्त्राची पूर्णता म्हटले. 'पूर्णता' या शब्दाचा अर्थ भरून काढणे की संपवणे, यावर पुढे रक्त सांडेपर्यंत वाद झाले. दुसऱ्या शतकात मार्सियनने सरळ 'संपवणे' हा अर्थ घेतला. जुन्या करारातील देव कायद्याचा आणि शिक्षेचा, येशूचा पिता प्रेमाचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून जुना करार टाकून द्यावा, आणि लूकचे शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे तेवढी, तीही काटछाट करून, ठेवावीत. इ. स. १४४ च्या सुमारास रोममधील ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढले. वर्गातले ते समीकरण खरे पाहता मार्सियनचे आहे, आणि ज्या चर्चच्या नावावर ते खपवले जाते त्या चर्चने ते दुसऱ्या शतकातच नाकारले होते.

याकोबाचे पत्र या वादात फारसे उद्धृत होत नाही. ल्यूथरला ते आवडत नसे, त्याचाही हा परिणाम असेल. त्यात शेजाऱ्यावरील प्रेमाच्या आज्ञेला राजमान्य नियम म्हटले आहे, आणि लगेच सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्यांची हजेरी घेतली आहे. हा लेवीयातील तोंड न पाहण्याचा नियम. पुढे शेताची कापणी करणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असे म्हटले आहे. हाही त्याच अध्यायातील नियम. याकोबाने आज्ञा तिच्या मूळ शेजारासकट उचलली आहे. मला हे वाचन पौलाच्या वाचनाइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि इतिहासाकडे पाहता अधिक सुरक्षितही.

कारण यानंतर ऑगस्टीन येतो. आजच्या अल्जीरियातील तागास्ते गावचा हा माणूस मुळात वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक. कार्थेज, रोम, मिलान येथे त्याने शिकवले, ३८७ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे हिप्पोचा बिशप झाला. ख्रिस्ती शिकवणुकीवरील त्याचा ग्रंथ ३९६ च्या सुमारास सुरू होऊन तीस वर्षांनी पुरा झाला. साहित्यसमीक्षेच्या इतिहासात या ग्रंथाला जे स्थान आहे ते त्यातील एका नियमामुळे: ज्याच्या वाचनातून देव आणि शेजारी यांवरील दुहेरी प्रेम उभे राहत नाही, त्याला धर्मग्रंथ समजलेला नाही. एवढेच नव्हे, तर एखाद्याने लेखकाला अभिप्रेत नसलेला अर्थ काढला आणि त्यातून प्रेमच वाढले, तर तो खोटे बोलला असे होत नाही. तो वाट सोडून शेतातून चालला आणि वाट जेथे जाते तेथेच पोचला, इतकेच. तरीही त्याला वाट दाखवावी, कारण शेतातून जायची सवय लागली की एक दिवस माणूस भलतीकडे पोचतो. लेखकाचा हेतू आणि वाचकाचे स्वातंत्र्य यांवर गेल्या शतकात जे लिहिले गेले त्यात या उपमेइतके समतोल असे थोडेच सापडेल. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो पूरक नियम देतो: वरकरणी एखादे वचन दुष्कृत्याची आज्ञा देते असे दिसले, तर ते अक्षरशः न घेता लाक्षणिक मानावे.

या नियमाची गरज होती, हेही सांगितले पाहिजे. लेवीयातील प्रेमाच्या आज्ञेपासून दोनच वचनांवर एका दासीविषयीचा नियम आहे. दुसऱ्याला वाग्दत्त पण अद्याप मुक्त न झालेल्या दासीशी कोणी संबंध ठेवला, तर ती स्वतंत्र नव्हती म्हणून मृत्युदंड नाही. पुरुषाने एक मेंढा अर्पण करावा, की झाले. सरवा आणि मजुरी यांच्या तपशिलाने भारावलेल्या वाचकाने हाही तपशील वाचावा. अक्षराला हृदयाची गरज असते ती अशा ठिकाणी, आणि ऑगस्टीनचा नियम ती गरज ओळखतो.

पण त्याच ऑगस्टीनने ४०७ साली योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचने दिली. त्यांतील सातव्या प्रवचनात, प्रेम असले की माणसाने हवे ते करावे, या आशयाचे त्याचे जगप्रसिद्ध वाक्य येते. आज ते मुक्तीचे वाक्य म्हणून उद्धृत होते. त्याच्या आधीचे उदाहरण कोणी सांगत नाही: बाप मुलाला मारतो, आणि गुलामांचा व्यापारी त्याला गोंजारतो. दोन्हींपैकी प्रेम कोठे आहे? म्हणजे कृतीवरून प्रेम ओळखता येत नाही, मुळावरून ओळखावे. प्रेमाचे मूळ असेल तर फटकाही प्रेमच. उदाहरण म्हणून ते बिनतोड आहे. धोका असा की कृती हे माप येथे काढून घेतले गेले. लेवीयात प्रेम बाहेरून तपासता येत होते. येथे ते करणाऱ्याच्या अंतःकरणात शिरले, आणि तेथे तपासनीस जाऊ शकत नाही.

हा निव्वळ तात्त्विक धोका नव्हता. उत्तर आफ्रिकेतील चर्चमध्ये तेव्हा शंभर वर्षांची फूट होती. डायोक्लेशियनच्या छळात ज्यांनी धर्मग्रंथ शत्रूच्या हवाली केले त्यांच्याशी संबंध नको, असे म्हणणारा डोनाटवादी पंथ अनेक भागांत बहुसंख्य होता. ४०५ साली सम्राट होनोरियसने ऐक्याचा हुकूम काढला. ४०८ च्या सुमारास व्हिन्सेन्टियस नावाच्या बिशपला लिहिलेल्या दीर्घ पत्रात ऑगस्टीन मोकळेपणाने सांगतो की कोणावर सक्ती करू नये असे आपलेही मत होते. पण आपले स्वतःचे गाव कायद्याच्या धाकाने परत आले हे पाहून ते बदलले. ४१७ साली बोनिफेस या सेनाधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात लूकच्या चौदाव्या अध्यायातील मेजवानीची गोष्ट येते. तेथे यजमान नोकराला रस्त्यांवरून लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. ऑगस्टीनच्या हातात त्या आग्रहाचे बळ झाले. वातात बरळणाऱ्या रोग्याला बांधून ठेवणारे मित्र, भरकटलेल्या मेंढराला चाबकाने कळपात आणणारा मेंढपाळ अशा उपमा या लेखनात रांगेने येतात, आणि सगळ्या प्रेमाच्या आहेत.

त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. डोनाटवाद्यांना देहान्त किंवा अवयवच्छेदाची शिक्षा देऊ नये म्हणून त्याने अधिकारी मार्सेलिनस याला कळकळीने लिहिले होते. तो क्रूर नव्हता. तो क्रूर असता तर हा विषय सोपा झाला असता. ४१२ सालच्या शाही कायद्यात डोनाटवाद्यांना हुद्द्याप्रमाणे दंड ठरवले गेले. ज्यांच्यापाशी दंड भरायला पैसा नव्हता त्या कुळांना वारंवार फटके देऊन वळवावे, असेही त्यात होते. लेवीयातील प्रेम ज्याची मजुरी संध्याकाळी चुकती करा म्हणत होते, तोच हा माणूस.

पुढच्या शतकांना ही पत्रे हाताशी मिळाली. आपल्याकडे गोव्यात १५६७ साली भरलेल्या प्रांतिक धर्मसभेने कोणालाही बळाने ख्रिस्ती करू नये असे ठरवले, आणि त्याच सभेने हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी घालण्याचा आग्रहही धरला. शेक्सपिअरच्या नाटकात शायलॉकने ख्रिस्ती व्हावे ही अट अँटोनिओ घालतो, ती दयेचा भाग म्हणून. पोर्शियाच्या दयेवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ती ओळ बहुधा गाळावी लागते. फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांच्या घराघरांत सैनिक उतरवून धर्मांतरे घडवली गेली, ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा आदेश रद्द केला, आणि पॅरिसच्या आर्चबिशपच्या प्रेरणेने ऑगस्टीनची तीच दोन पत्रे फ्रेंचमध्ये छापून फ्रान्सचे चर्च आफ्रिकेच्या चर्चप्रमाणेच वागत आहे असे दाखवण्यात आले.

पिएर बेल तेव्हा रॉटरडॅममध्ये आश्रयाला होता. त्याने लिहिलेल्या एका पुस्तकाबद्दल, तो हाती लागत नव्हता म्हणून, त्याचा भाऊ जाकोब याला फ्रान्समध्ये पकडण्यात आले. जाकोब नोव्हेंबर १६८५ मध्ये बोर्दोच्या तुरुंगात मेला. पुढच्या वर्षी बेलने लूकमधील त्या मेजवानीच्या वचनावर तात्त्विक भाष्य प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर लेखक म्हणून एका काल्पनिक इंग्रज गृहस्थाचे नाव आणि छपाईचे ठिकाण म्हणून कँटरबरी. पुस्तकाचा पायाच एक वाचननियम आहे: ज्या शब्दशः अर्थामुळे अपराध करणे बंधनकारक ठरते, तो अर्थ खोटा. बेल हा नियम बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशावर उभा करतो. पण ऑगस्टीनच्या ग्रंथाचा तिसरा भाग वाचलेल्याला तो ओळखीचा वाटेल. दुष्कृत्याची आज्ञा देणारे वचन लाक्षणिक मानावे, हा ऑगस्टीनचाच नियम होता. लूकच्या त्या वचनाला तो त्याने लावला नाही, बेलने लावला. तिसऱ्या भागात बेल ऑगस्टीनच्या दोन्ही पत्रांतील एकेक युक्तिवाद घेऊन उत्तर देतो. मारणारा बाप, बांधणारे मित्र, भरकटलेले मेंढरू, एकाही उपमेला तो सोडत नाही. प्रेमाने मारतो असे म्हणणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे मान्य करायचे, तर मार खाणाऱ्यालाही सत्ता आली की त्याच प्रेमाने मारता येईल, हा त्याचा सततचा मुद्दा आहे.

हे पुस्तक पहिल्यांदा बोचले ते बेलच्या स्वतःच्या बाजूला. त्याच्याबरोबर रॉटरडॅमला आलेला, त्याच विद्यालयात शिकवणारा प्रॉटेस्टंट धर्मशास्त्री पिएर जुरिएव याने १६८७ साली त्यावर हल्ला चढवला. खरा धर्म राखण्यासाठी राज्याधिकाऱ्याने बळ वापरणे त्याला मान्य होते. आक्षेप होता तो ते बळ चुकीच्या धर्माच्या हाती असण्याला. वाद वाढत गेला, आणि १६९३ साली बेलची अध्यापकाची जागा गेली.